जुनी फोर-व्हील जीप : दोष, दुरुस्ती आणि खर्च

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस वसलेल्या कित्येक वाड्या-वस्त्यांपर्यंत आजही पावसाळ्यात नियमित वाहन पोहोचत नाही. अशा ठिकाणी अडलेली बाळंतीण रुग्णालयात न्यावयाची असो, दुधाचे कॅन संकलन केंद्रावर पोहोचवावयाचे असोत, किंवा परीक्षेच्या दिवशी ओढ्यापलीकडील विद्यार्थी केंद्रावर आणावयाचे असोत, गावकऱ्यांची दृष्टी प्रथम जीपकडेच वळते. नवे चतुश्चक्र-चालित वाहन घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे वीस, तीस, क्वचित चाळीस वर्षे वापरलेली जीप विकत घेतली जाते. तिची किंमत पाहून घेणारा हरखून जातो. परंतु खरा खर्च व्यवहार पुरा झाल्यानंतर सुरू होतो, आणि खर्चापेक्षाही गंभीर असा सुरक्षिततेचा प्रश्न तर अनेकदा लक्षातच घेतला जात नाही. प्रस्तुत लेखात या वाहनाच्या नेहमीच्या दोषांचा व मालकीच्या खर्चाचा विचार करावयाचा आहे.

जीप हे मूळचे सैनिकी वाहन होय. १९४१ पासून अमेरिकन सैन्यात दाखल झालेल्या या गाडीचे दप्तरी नाव ‘पाव टनी, चार चाकांनी चालणारा ट्रक’ असे होते. तिची गणना ट्रकांत झाली होती आणि भारमर्यादा नावातच सांगितलेली होती, ही गोष्ट मागे दहा-बारा माणसे कोंबणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. स्वातंत्र्योत्तर काळात महिंद्र कंपनीने विलिसच्या परवान्याने मुंबईत जीपची जुळणी व पुढे उत्पादन केले. सीजे-३बी हा उंच बॉनेटचा नमुना कित्येक वर्षे आपल्या रस्त्यांवर होता. पुढे १९८०च्या दशकात प्युजो जातीचे सुमारे २.१ लिटरचे डिझेल इंजिन असलेली एमएम-५४० आली. जबलपूरच्या सरकारी वाहन कारखान्यात निस्सान पेट्रोलच्या नमुन्यावर तयार होणारी ‘जोंगा’ ही याच कुळातील थोरली बहीण. तिचे उत्पादन १९९९ मध्ये थांबले. मध्य प्रदेशात, विशेषतः इंदूर-ग्वाल्हेरकडे, सैन्यातून निघालेल्या जोंगा अद्याप दिसतात. तिचे चार लिटरचे सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिन सामान्य शेतकऱ्यास परवडणारे नाही, व सुटे भागही दुर्मिळ झाले आहेत. म्हणून पुढील विवेचन मुख्यत्वे जीपला अनुलक्षून केले आहे.

चार चाकांचा जोर : समज आणि गैरसमज

या वाहनातील सर्वांत महाग बिघाड चालकाच्या अज्ञानातून उद्भवतात, म्हणून या भागाचा थोडा विस्ताराने विचार करणे योग्य ठरेल.

गिअरबॉक्सच्या मागे ‘ट्रान्सफर केस’ नावाची दुसरी पेटी असते. तिच्यावर दोन दांडे असतात. एकाने पुढील ॲक्सलला जोर जोडला जातो, दुसऱ्याने जलद किंवा संथ श्रेणी निवडता येते. विलिसच्या मूळ सीजे-३बी नमुन्यात संथ श्रेणीचे प्रमाण २.४६ इतके होते. पहिला गिअर व ॲक्सलचे प्रमाण यांच्याशी ते गुणिले असता इंजिनाचे सुमारे ३७ फेरे झाले म्हणजे चाकाचा एक फेरा होतो. ओढ्यातील गोट्यांवरून जीप माणसाच्या चालीने चढते ती यामुळेच.

परंतु या पेटीत पुढील व मागील ॲक्सलच्या वेगातील फरक सामावून घेणारी कोणतीही योजना नाही. गाडी वळते तेव्हा पुढील चाकांना मागील चाकांपेक्षा अधिक अंतर कापावे लागते. चिखलात किंवा वाळूत चाक थोडेसे घसरते व हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र चाक घसरत नाही, आणि सारा ताण शाफ्ट, क्रॉस जॉइंट व दातऱ्या चक्रांत साठत जातो. अशा वेळी स्टिअरिंग जड होते, गाडी धरल्यासारखी चालते, व दांडा ओढला तरी निघत नाही. पुष्कळ चालक तो हातोड्याने ठोकतात. तसे न करता गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी. ताण उतरला की दांडा आपोआप सैल होतो.

याच कारणास्तव चारही टायर सारखे असणे अत्यावश्यक आहे. ६.००-१६ मापाचे टायर एका किलोमीटरला सुमारे ४४० फेरे घेते. मागे नवे व पुढे सात मिलिमीटर झिजलेले टायर असेल तर पुढील चाकास प्रत्येक किलोमीटरला आठ-नऊ फेरे अधिक घ्यावे लागतात. पुढचा जोर जोडलेला असताना हे फेरे कोठून यावयाचे? ते टायरच्या घासण्यातून येतात, अथवा जॉइंट तुटून येतात. ‘दोनच टायर आता घेऊ, दोन पुढच्या वर्षी’ हा विचार साध्या मोटारीस चालतो. येथे तो काटकसरीचा ठरत नाही.

काही जीपना पुढील चाकांच्या तोंडाशी हाताने फिरवावयाचे हब असतात. ते जोडल्याशिवाय आतील दांडा कितीही ओढला तरी पुढची चाके ओढत नाहीत. एक जोडून दुसरा विसरला तरी परिणाम तोच. उलटपक्षी, ते वर्षानुवर्षे न जोडल्यास आतील भाग फिरत नाहीत, वंगण पसरत नाही, व ऐन गरजेच्या वेळी ते गंजून बसलेले आढळतात. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर हब जोडून दोन-तीन किलोमीटर गाडी चालवावी.

जीप घेताना तिचा पुढील जोर खरोखर चालू आहे की नाही हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. सपाट जमिनीवर मागील चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, इंजिन बंद ठेवावे, पहिला गिअर व पुढचा जोर दोन्ही जोडावेत, आणि पुढचे एकच चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहावे. ते किंचित हलून अडले तर यंत्रणा शाबूत आहे. मोकळे फिरले तर कोठेतरी हब, शाफ्ट वा चक्र निकामी आहे, मग तो दोष त्या चाकाकडे असो वा दुसऱ्या. विक्रेता कितीही ग्वाही देवो, ही पाच मिनिटांची परीक्षा चुकवू नये.

ट्रान्सफर केससंबंधी आणखी एक गोष्ट. जुन्या जीपमध्ये गिअरबॉक्स व ही पेटी यांच्यामधून तेल झिरपून एकीकडचे दुसरीकडे जाते. मिस्त्री एकच प्लग उघडून ‘तेल भरपूर आहे’ असे सांगतो, आणि शेजारची पेटी कोरडी चाललेली असते. दोन्ही प्लग स्वतंत्रपणे उघडून पाहण्याचा आग्रह धरावा. चालू गाडीत दांडा आपोआप निसटत असेल तर आतील स्प्रिंग झिजली आहे, किंवा पेटी ज्या रबरी आधारावर बसते ते रबर कुजले आहे. रबराचा खर्च अल्प असतो. प्रथम तेच पाहावे.

स्टिअरिंगचा थरकाप

ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगात एखादा खड्डा लागताच पुढील दोन्ही चाके डावी-उजवीकडे वेगाने हेलकावू लागतात, स्टिअरिंग हातातून सुटू पाहते, आणि गाडी जवळजवळ थांबल्याखेरीज हा थरकाप शमत नाही. जुन्या जीपचा हा सुप्रसिद्ध रोग आहे. पुष्कळ ठिकाणी त्यावर धक्काशोषक दांडी बसवून दिली जाते. तिने लक्षण लपते. रोग तसाच राहतो.

मूळ कारण बहुधा किंगपिनच्या बेअरिंगमध्ये असते. ही बेअरिंगे पातळ पत्र्याच्या चकत्या घालून थोडी ताणून बसवावी लागतात. झीज झाली की ताण जातो. चाक जॅकवर घेऊन वरून व खालून धरून हलवावे. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसास ब्रेक दाबावयास सांगून पुन्हा हलवावे. खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे; तसाच राहिला तर किंगपिनमध्ये. त्यानंतर टाय-रॉडची टोके, मधली बेल क्रँक, स्टिअरिंग पेटी, पाट्यांचे बुश व टायरचा तोल, या क्रमाने तपासणी करावी. पुढील चाकामागच्या गोल कवचातून वंगण ओघळत असेल तर तेथील सील गेले आहे. त्यातून ओढ्याचे पाणी आत शिरते, आणि एका पावसाळ्यात आतील जॉइंट गंजतो. कुळें ते दूधसागर यांसारख्या वारंवार पाण्यातून जाणाऱ्या मार्गांवर चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हे सील म्हणजे दर हंगामाचा ठरलेला खर्च समजावा.

ब्रेक

जुन्या जीपला चारही चाकांवर ड्रम असतात व बहुतेकींत तेलाची एकच नळी सर्व चाकांना पुरविते. कोठेही गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी जातात. हे वाक्य घाटात राहणाऱ्या वाचकाने दोनदा वाचावे.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने एका घाटातील गावी अशीच एक जीप पाहिली. रंग नवा, गादी नवी, इंजिनाचा आवाज उत्तम. मालकाने नुकतेच पुष्कळ पैसे खर्चून तिला सजविले होते. खाली वाकून पाहता मागील ॲक्सलवरील ब्रेकची नळी एका जागी इतकी गंजलेली आढळली की अंगठ्याच्या नखाने तिची पापुद्री निघाली. त्याच जीपमधून दररोज सकाळी शाळेची मुले उतारावरून खाली जात होती. नवी नळी बसविण्यास अर्धा दिवस लागला, आणि त्या नळीची किंमत नव्या गादीच्या किमतीचा अगदी लहानसा अंश होती.

ब्रेकचे तेल हवेतील दमटपणा शोषून घेते. त्यामुळे घाटात ब्रेक तापले असता त्यात वाफ धरते व पेडल खोल जाते. कोकण-गोव्याच्या हवेत ते दरवर्षी पावसाळा संपताच बदलणे इष्ट. सीजे जातीच्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखालच्या पत्र्याखाली असतो. त्याच्या झाकणाभोवती चिखल साचतो, आणि तेल भरताना तोच आत जातो. झाकण उघडण्यापूर्वी सभोवतालचा भाग पुसून घ्यावा. ओढा ओलांडल्यावर शंभर-दोनशे पावले पेडल हलके दाबून चालावे, म्हणजे ड्रम वाळतात.

हातब्रेकविषयी एक धोका फारच थोड्यांना ठाऊक असतो. जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. पंक्चर काढण्यासाठी मागील एक चाक उचलले की डिफरन्शियलमुळे जमिनीवरचे दुसरे चाक मोकळे फिरू शकते. हातब्रेक ओढलेला असूनही गाडी उतारावर घसरते व जॅकवरून खाली येते. म्हणून मागील चाक उचलताना उरलेल्या चाकांना दगड लावल्यावाचून गाडीखाली कोणीही जाऊ नये. पुढचा जोर व हब जोडून ठेवल्यास अधिक आधार मिळतो. शाफ्टच्या तोंडाशी तेल गळत असेल तर ते याच ब्रेकवर उडते व हातब्रेक निरुपयोगी होतो.

इंजिन

इंजिनाची चिंता खरेदीदार सर्वांत अधिक करतो, वास्तविक त्याचे दोष सर्वांत लवकर ओळखता येतात. गाडी पाहावयास जाताना सकाळी जावे व प्रथम बॉनेटला हात लावावा. ते उबदार असेल तर विक्रेत्याने गाडी आधीच चालू करून ठेवली आहे, असे समजावे. गार इंजिन चालू झाल्यावर निळा धूर दिसल्यास इंजिन वंगण जाळते. काळा धूर असल्यास इंधनपंप वा नोझल पाहावे लागतील. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही टिकला तर पाणी सिलिंडरमध्ये जात असण्याची शंका घ्यावी. तेलाची पट्टी काढून पाहता दुधाळ फेस दिसला तर हेड गॅस्केट किंवा हेड यांत दोष आहे. इंजिन चालू असता तेल भरण्याचे झाकण काढावे. तेथून भकाभका धूर येत असेल तर पिस्टन-रिंगांची झीज झाली आहे.

रेडिएटरमध्ये विहिरीचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे भरल्याने आतील नळ्यांत चुन्याचा थर जमतो आणि घाटात इंजिन तापू लागते. यावर आपल्याकडे एक जुना उपाय रूढ आहे : थर्मोस्टॅट काढून टाकणे. इंजिन त्यामुळे कायम थंड चालते, वंगणात गाळ साचतो, झीज वाढते. रेडिएटर मात्र तुंबलेलाच राहतो. रेडिएटर उतरवून साफ करून घ्यावा, व पुढे कूलंट वापरावे.

लाल मातीच्या प्रदेशात हवेचा क्लीनर हा इंजिनाचा खरा रक्षक होय. जुन्या जीपमध्ये तेलाचे भांडे असलेला क्लीनर असतो. मोसमी धुळीच्या दिवसांत ते भांडे दर आठवड्यास उघडून तळाचा गाळ काढावा व खुणेपर्यंतच नवे तेल भरावे. या कामास काहीच मोल पडत नाही. पेट्रोलच्या सीजे-३बी मालकांसाठी एक नवी अडचण उद्भवली आहे. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण देशभर अमलात आले. जुन्या रबरी नळ्या व इंधनपंपाचा पडदा अशा मिश्रणासाठी बनविलेले नव्हते. ते फुगतात व चिरतात. इथेनॉल पाणीही ओढून घेते. नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या जातीच्या बसवाव्यात, व गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये.

सांगाडा मात्र कोणी पाहत नाही. चिखल, शेण व समुद्राकाठची खारी हवा यांनी चॅसिस आतून कुजते, विशेषतः पाट्यांच्या टेकूपाशी व मागील आडव्या पट्टीत. लहान हातोडीने ठोकत जावे. खणखणीत आवाजाच्या जागी बोदा आवाज आला तर व्यवहार तेथेच थांबवावा.

खर्चाचा ताळेबंद

पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालावेत. वर्षाकाठी ६,००० किलोमीटर चाल, लिटरला १० किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरल्यास इंधनास ५४,००० रुपये लागतील. टायरांचा संच २४,००० रुपयांचा व तो ३०,००० किलोमीटर टिकतो असे मानल्यास वर्षाचे ४,८०० रुपये. वंगण, फिल्टर व ब्रेकचे तेल ८,००० रुपये. तृतीय पक्षाचा विमा करासह ९,००० रुपये. नोंदणी-नूतनीकरणाचे वर्षास २,००० रुपये. याशिवाय क्लच, ब्रेक, जॉइंट, पंप इत्यादींसाठी प्रत्येक किलोमीटरमागे ३ रुपये बाजूस काढावेत, म्हणजे १८,००० रुपये. एकूण ९५,८०० रुपये, म्हणजे किलोमीटरला सुमारे १६ रुपये. यात गाडीची किंमत, चालकाचा पगार व रस्ता कर धरलेला नाही. हीच गाडी वर्षात अवघी २,००० किलोमीटर चालली तर एकूण खर्च ४४,६०० रुपये होतो, पण किलोमीटरमागचा खर्च २२ रुपयांवर जातो. ज्या कुटुंबास महिन्यातून दोन-चार वेळाच जीप लागते, त्याने ती भाड्याने घेणेच श्रेयस्कर. चार-पाच घरांनी किंवा दूधसंस्थेने मिळून घेतलेल्या जीपचे गणित मात्र जुळू शकते.

या ताळेबंदात लोक सहसा शेवटची बाब, म्हणजे दुरुस्तीचा राखीव निधी, वगळतात. मग क्लच गेला की गाडी सहा महिने अंगणात उभी राहते, आणि उभ्या गाडीचे सील, ब्रेक व बॅटरी आणखी बिघडतात. पैसे थोडे असतील तर प्रथम ब्रेक, मग स्टिअरिंग व टायर, त्यानंतर रेडिएटर, नंतर इंजिन, आणि सर्वांत शेवटी रंग असा क्रम ठेवावा. व्यवहारात हा क्रम नेमका उलटा दिसतो.

कागदपत्रे

खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. पुढे प्रत्यक्ष तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी ती वाढविता येते. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क २०२२ मध्ये ५,००० रुपये झाले, व वीस वर्षांवरील गाड्यांसाठी २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. हरित कराचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत.

सरकारी कार्यालयांच्या जुन्या जीप लिलावात घेण्याची प्रथा पूर्वी सर्वत्र होती. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालत नाही व ती मोडीत काढावयाची असतात. म्हणून ‘अमक्या खात्याची जीप’ अशी ओळख सांगून कोणी वाहन दाखविल्यास त्याची नोंदणी केव्हा व कोणाच्या नावे वर्ग झाली हे प्रथम पाहावे. मोडीतील वाहनाचे सुटे भाग उपयोगी पडतील. ते वाहन रस्त्यावर आणता येणार नाही. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसविलेल्या जीपच्या बाबतीत हा बदल नोंदणी पुस्तकात दाखल असावयास हवा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये तसे बंधन आहे. चॅसिसवरील क्रमांक स्वतः घासून वाचावा. खाजगी क्रमांकाच्या जीपमधून भाडे घेऊन प्रवासी नेल्यास परवान्याचा भंग होतो व अपघाताच्या प्रसंगी विम्याचे संरक्षण धोक्यात येते.

बेळगाव, खानापूर, पेडणे, डिचोली या भागांतील वाचकांसाठी एक विशेष सूचना. येथे जीप एका राज्यात नोंदलेली आणि दुसऱ्या राज्यात नांदलेली असणे सर्रास आढळते. एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथे नवी नोंदणी घ्यावी लागते, व त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. जुन्या गाडीचा पहिला मालक हयात नसणे, कर्जाचा बोजा पुस्तकात तसाच राहणे, मधल्या दोन विक्रींची नोंदच नसणे, अशा कारणांनी हे प्रमाणपत्र मिळण्यास विलंब होतो. विसार देण्यापूर्वीच विक्रेत्यास ते काढावयास सांगावे, आणि ते हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.